धरणाच्या प्लॅनमध्ये मासे आणि जनावरं आधी की नंतर?

नदीकाठ: माझं मत सरळ आहे, मासे आणि वन्यप्राण्यांचा विचार पहिल्या नकाशातच व्हायला हवा. आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर करिबा धरण भरायला लागलं १९५८ ला, पाणी चढलं तशी टेकड्यांची बेटं झाली आणि जनावरं त्यावर अडकली, मग ऑपरेशन नोहा काढून १९६४ पर्यंत ६,००० च्या वर प्राणी हलवले. कौतुक आहेच हो, पण ती धावपळ होती, याला प्लॅनिंग म्हणत नाहीत.

कालवा: असं प्रत्येक शेपटी मोजत बसलात तर एकही धरण व्हायचं नाही. अमेरिकेत टेलिको धरण जवळपास पूर्ण झालेलं, बोटाएवढ्या स्नेल डार्टर माशापायी १९७८ ला सुप्रीम कोर्टाने अडवलं. १९७९ ला तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, धरणाला सूट दिली, धरण भरलं आणि मासा काय मेला नाही, २०२२ ला धोक्याच्या यादीतून बाहेर पण आला.

नदीकाठ: अहो हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत! काम सुरू १९६७ ला, मासा सापडला १९७३ ला. आधी नदी नीट बघितली असती तर कोर्टाची वेळच आली नसती. आणि तो जगला कारण दुसऱ्या नद्यांत नेऊन सोडला, शिवाय इतर धरणांतून सोडायच्या पाण्यात ऑक्सिजन वाढवला, आपोआप नाही जगला.

बिनधास्त: फिश लॅडर लावा ना, म्हणजे माशांना धरण चढून वर जायला पाण्याच्या पायऱ्या, विषय संपला. अमेरिकेतल्या बॉनव्हिल धरणाला १९३८ पासून आहेत.

तळाचंपाणी: लॅडरने मोठा सॅमन (अंडी घालायला समुद्रातून नदीत वर येणारा मासा) वर चढतो, पण पिल्लं खाली येताना टर्बाइनमधून किंवा सांडव्यावरून येतात त्याचं काय? आणि त्याहून मोठा घोळ तापमानाचा आहे, खोल जलाशयात वर कोमट आणि तळाशी थंडगार, बऱ्याचदा ऑक्सिजन कमी असलेलं पाणी, त्यामुळे गेट कुठल्या उंचीवर आहे त्यावर खालची नदी ठरते. कॅलिफोर्नियातलं शास्ता धरण १९४५ चं, वेगवेगळ्या थरातलं पाणी घेणारी यंत्रणा बसली १९९७ ला, खर्च साधारण ८ कोटी डॉलर. मूळ डिझाइनमध्येच घातली असती तर स्वस्तात पडली असती असं मला तरी वाटतं.

कालवा: आणि २०१४ च्या दुष्काळात त्याच शास्ताचं थंड पाणी संपलं, हिवाळी चिनूक सॅमनची (हिवाळ्यात नदीत येणाऱ्या सॅमनची) बहुतेक अंडी आणि पिल्लं गेली, हे का नाही सांगत? यंत्रणा असून काय उपयोग झाला?

तळाचंपाणी: बरोबर, म्हणूनच नुसतं यंत्र म्हणजे प्लॅन नाही. कुठल्या महिन्यात किती थंड पाणी राखून ठेवायचं हे धरण चालवण्याच्या नियमांतच लिहायला पाहिजे, सिंचनाचा कोटा लिहितात तसंच.

कालवा: लिहा की. पण कोरड्या वर्षी ते राखलेलं पाणी कोणाच्या वाट्यातून कापणार, तेही त्याच कागदावर लिहा, मग मी सही करतो.