निन्जा स्क्रोल (1993) : तुमचं मत लिहा, पण प्रसंगानिशी

कोकमसरबत
परवा कुठल्याशा नव्या ॲनिमेत बांबूच्या बनातली तलवारबाजी पाहिली आणि निन्जा स्क्रोल हा जुना जपानी ॲनिमेशनपट डोक्यात पुन्हा सुरू झाला. दिग्दर्शक योशिआकी कावाजिरी, स्टुडिओ मॅडहाउस, लांबी 94 मिनिटं. "भारी आहे" किंवा "फार रक्त आहे" एवढंच लिहून थांबू नका. कुठला प्रसंग, काय जमलंय, काय खटकलं ते सांगा. स्पॉयलर भरपूर असणार, ज्यांना पाहायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझं मत असं की यातली मारामारी नियमाने चालते, म्हणून ती लक्षात राहते. किमोनचे आठ सैतान म्हणजे गेम्माची खलनायक टोळी. त्यांतल्या प्रत्येकाकडे एकेक विद्या आहे आणि बऱ्याच जणांचं मरण त्याच विद्येत दडलेलं आहे. त्यांतल्या मुशिझोच्या कुबडात गांधीलमाश्यांचं पोळं आहे. नायक जूबेई, भटका तलवारबाज, याच्याबरोबर तो नदीत पडतो, पोळ्यात पाणी शिरतं आणि जीव वाचवायला माश्या त्याचंच अंग फोडून बाहेर येतात. जूबेई ताकदीने जिंकत नाही. समोरच्याची विद्या कशावर उभी आहे ते आधी हेरतो.

खडूफळा
मुजूरो!! आठांपैकी आंधळा तलवारबाज. पात्यावरून ऊन परावर्तित करून जूबेईच्या डोळ्यांवर मारतो. ज्याला दिसत नाही तोच उजेडाचं हत्यार करतो. आणि मरतो कसा, तर जूबेईच्या बाजूच्या निन्जा बाईचं, कागेरोचं, छोटं पातं आधीच एका बांबूत रुतलेलं असतं, याची तलवार बांबू कापत येते आणि त्यावर अडते. आवाजावरून सगळं ओळखणाऱ्याला गप्प बसलेलं लोखंड कसं कळणार. तो अर्धा क्षण पुरतो जूबेईला.

रानजाई
पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहून ठेवते. पहिल्या वीस मिनिटांतच आठांपैकी तेस्साई कागेरोवर जबरदस्ती करतो तो प्रसंग आहे, आणि तो लांबवलेला आहे. ज्यांना असं पाहणं जड जातं त्यांनी आधीच ठरवून बसावं. कथेला त्यातून एवढंच हवं आहे की तिच्या अंगात मुरलेलं विष त्याच्या अंगात जावं, कारण पुढे त्याची दगडी कातडी त्या विषानेच सुटायला लागते आणि तेव्हा कुठे जूबेईची तलवार लागू पडते. हे सूचक ठेवूनही सांगता आलं असतं. कॅमेरा तिथे जितका रेंगाळतो त्याची गरज नव्हती. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने सुरुवातीला या भागाला कात्री लावली होती.

पाटीवरचा
+1 रानजाई ताई. बाकीचा चित्रपट कितीही आवडला तरी हे मत बदलत नाही.

निळी शाई
तंत्राबद्दल. सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, हाताने रंगवण्याचा काळ आहे हा. कावाजिरींची पद्धत बघा: वार स्वतः जेमतेम काही फ्रेमचा, जवळजवळ दिसतच नाही. मग स्थिर चित्र. कुणी हलत नाही, आवाजही नाही. मग रक्त. आपण घाबरतो ते त्या मधल्या थांब्याला. रात्रीच्या दृश्यांत निळा आणि काळा एवढेच रंग ठेवलेत, म्हणून लाल आला की अंगावर येतो. पात्ररचना युताका मिनोवा यांची, चेहऱ्यावर सावलीचे सरळ कापलेले तुकडे, मऊ छटा जवळपास नाहीतच.

आणि कृपा करून टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा असला तरी नवं रेखाटन साधारण दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेमला येतं, म्हणजे सेकंदाला 12 किंवा 8 चित्रं. टीव्ही मधल्या फ्रेम आपल्या मनाने बनवून घुसवतो. मग पात्याच्या टोकाभोवती रेषा विरघळल्यासारखी दिसते आणि वर सांगितलेला थांबा मरतो. शार्पनेसही खाली आणा, काळ्या रेषेच्या कडेची पांढरी झालर जाईपर्यंत.

गोदाकाठ
भाचा बारा वर्षांचा आहे, निन्जाचं वेड आहे. दाखवू का?

रानजाई
नको गोदाकाठ. अजिबात नको. कार्टून आहे म्हणून फसू नका, हा मोठ्यांचाच चित्रपट आहे.

गोदाकाठ
बरं झालं विचारलं. धन्यवाद ताई.

मुक्काम पोस्ट
कागेरोबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही अजून. ती मालकाच्या जेवणातलं विष चाखणारी. चाखून चाखून विष तिच्याच अंगात मुरलंय, तिला जो जवळ करेल तो मरणार. आपल्याकडे विषकन्या म्हटलं की राजाने शत्रूकडे धाडलेलं हत्यार आठवतं. ही उलट मालकाला जगवण्यासाठी झिजलीय. सरकारी हेर दाकुआन जूबेईला विष देऊन कामाला जुंपतो आणि त्यावर उतारा कोण, तर कागेरो. विषाला विष. जूबेई तिला तसं वापरायला नकार देतो, माझ्या मते चित्रपटातलं सगळ्यात मोठं धाडस तेच. तलवार कुणीही चालवतं. शेवटी मरताना ती त्याचं चुंबन घेते आणि उतारा मिळतो. ते तिने दिलेलं आहे, त्याने मागितलेलं नाही.

धुकं
दाकुआन मला फार आवडतो. म्हातारा, बुटका, तोंडावर हसू, आणि आहे तोकुगावा सरकारचा हेर. कुणाच्याही जिवाची पर्वा नाही. शिमोदा गाव साथीने मेलं असं भासवलंय, खरं तर विहिरीत विष टाकलंय, म्हणजे कुणी त्या बाजूला फिरकणार नाही आणि बुडालेल्या जहाजातलं सोनं निवांत काढता येईल. हा कट पहिल्या वेळी डोक्यावरून जातो. तीन बाजू धरून ठेवा: सोन्याची खाण लपवणारं यामाशिरो घराणं, ते सोनं हवं असलेले सत्ता गमावलेल्या तोयोतोमी घराण्याचे उरलेले लोक, आणि दोघांच्या मध्ये स्वतःचा डाव खेळणारा गेम्मा. कागेरोच्या मालकाचं मोचिझुकी घराणं बिचारं यात भरडलं जातं.

खडूफळा
गेम्माचा शेवट मात्र ताणलाय. डोकं उडवलं तरी पुन्हा जोडून घेणारा माणूस, त्याला मारायचा कसा? मारतच नाहीत. जळत्या जहाजावर वितळलेलं सोनं अंगावर पडतं आणि तो त्यासकट समुद्रात जातो. ज्या सोन्यासाठी एवढी माणसं मारली त्यातच अडकला. कल्पना झकास, पण त्याआधीची हाणामारी दोन मिनिटं कमी चालली असती.

पाटीवरचा
असहमत. तिथे दोघेही थकलेले हवेतच. डोक्याने डोकं आपटतात तोवर तलवारी संपलेल्या असतात.

सातूचं पीठ
अवांतर: जूबेईचा आवाज कोइची यामादेरा यांचा. जपानीत डोनाल्ड डकचा आवाजही त्यांचाच!! संगीत काओरू वादा.

गोदाकाठ
काय सांगता! डोनाल्ड डक??

सातूचं पीठ
होय होय. म्हणून तर म्हणते जपानी ऑडिओच लावा. इंग्रजी डबमध्ये शिव्या बऱ्याच आहेत आणि जूबेईचा शांतपणा जातो. सबटायटल लावताना बघून घ्या, काही डिस्कवर डबच्याच संवादांची सबटायटल चिकटवलेली असतात. माणूस जपानीत दोन शब्द बोलतो आणि खाली ओळभर येते, तेव्हा समजा.

मुक्काम पोस्ट
जूबेई हे नाव यागयू जूबेई या खऱ्या तलवारबाजाला मानवंदना आहे (1607 ते 1650). बाकी इतिहास शोधू नका. फुतारो यामादा यांच्या निन्जा कादंबऱ्यांचा वारसा आहे हा, प्रत्येकाला एक अचाट विद्या वगैरे.

धुकं
जूबेईच्या तलवारीला दोरी बांधलेली असते ते लक्षात आलं का सगळ्यांच्या? फेकतो आणि ओढून परत घेतो. सैतानांपैकी युरिमारूही तसाच, तारेतून वीज सोडतो. दोघांचं हत्यार धाग्यावर.

रानजाई
युरिमारू आणि झाकुरोचा भागही बघा. तिचं त्याच्यावर मन, त्याचं गेम्मावर. त्याने झिडकारल्यावर तीच त्याला स्फोटात संपवते. आठ सैतान एकत्र कधीच नसतात, आतून पोखरलेले. जूबेईचं निम्मं काम तेच करतात.

सातूचं पीठ
अजून एक अवांतर. जपानी सेल ॲनिमेशनमधलं रामायण याच सुमाराचं, युगो साको आणि आपले राम मोहन. एकाच काळात, तशाच सेलवर एकीकडे ते आणि एकीकडे हे. दोन्हींची रंगवलेली जंगलं शेजारी ठेवून बघा. तिथे पानातून ऊन झिरपतं, इथे झाडं नुसती काळी.

निळी शाई
सातूचं पीठ, यावर वेगळा धागा काढा ना, नक्की लिहीन.

गोदाकाठ
मी स्वतःसाठी बघणार आहे. जुनी डिस्क मिळतेय एकाकडे. चालेल?

निळी शाई
मागे लांबी बघा. 90 मिनिटं लिहिली असेल तर घाबरू नका, लगेच कापलेली समजू नका. युरोपातली जुनी PAL पद्धतीची डिस्क 24 ऐवजी 25 फ्रेमने चालते, 94 चे साधारण 90 होतात आणि आवाज किंचित वर चढतो. त्याहूनही कमी असेल तर मात्र कापलेली असण्याची शक्यता धरा. ब्ल्यू-रे मिळत असेल तर तीच घ्या, रात्रीच्या दृश्यांत जुन्या डिस्कवर काळ्याचे चौकोनी ठोकळे दिसतात. आणि खोलीतला दिवा बंद ठेवा, सैतानांपैकी शिजिमा सावलीतून येतो तिथे अंधार लागेल.