मदत हवी आहे: बँडमधील हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदी हेल्थ कनेक्टमध्ये येत नाहीत

सप्रेम नमस्कार. माझे वडील रोज सकाळी शिवाजी पार्कात फिरतात. त्यांच्या फिटनेस बँडवरील पावले व हृदयाचे ठोके बँडच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये व्यवस्थित दिसतात. मात्र अँड्रॉइड १४ पासून फोनमध्येच अंतर्भूत असलेल्या हेल्थ कनेक्टमध्ये (निरनिराळ्या आरोग्य अ‍ॅप्समधील नोंदी फोनवर एकत्र ठेवणारी गूगलची सोय) पावले अधूनमधून पोहोचतात आणि ठोक्यांचे पान कोरेच राहते.

तिथे प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी वाचण्याची व लिहिण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते, म्हणून मी ती यादी नीट तपासली, तेव्हा लिहिण्याच्या परवानग्यांत पावले आणि झोप एवढेच दिसले, हृदयगतीचा उल्लेखच नव्हता. बॅटरी बचतीचे निर्बंध काढले, अ‍ॅप नव्याने टाकले, तरी फरक पडला नाही. ग्राहक सेवेचे उत्तर एकच: फोन बंद करून सुरू करा. पैसे मोजून घेतलेल्या उपकरणातील आपलीच माहिती आपल्याला हवी तिथे नेता येऊ नये, हे मनाला पटत नाही.

कंपनीच्या अ‍ॅपने हृदयगती लिहिण्याची सोयच दिली नसेल, तर दुसरा काही मार्ग आहे का? मध्यस्थ अ‍ॅप वापरायचे झाल्यास वडिलांची माहिती अनोळखी सर्व्हरवर न जाता फोनमध्येच राहील असे कोणते आहे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. डॉक्टरांना पुढच्या भेटीत या नोंदी एकत्रित पाहायच्या आहेत.