ब्लेचलीचं श्रेय गणिताला, आणि रिसीव्हर म्हणजे भंगार?

व्हॉल्व्हवाला
काल शून्यएक यांनी लिहिलं की दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं एनिग्मा हे सांकेतिक यंत्र फोडलं ते ब्लेचली या इंग्लंडातल्या संकेत फोडणाऱ्या केंद्रातल्या गणितज्ञांनी आणि कलोसस या संगणकाने, आणि जुने लष्करी रिसीव्हर जमवणारे आम्ही म्हणजे 'लोखंडाचे भक्त'. डोकं सटकलं, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे कलोसस एनिग्मासाठी नव्हताच, लोरेन्झ या दुसऱ्या जर्मन सांकेतिक यंत्रासाठी होता. दुसरं, ब्लेचलीत संदेश आभाळातून पडत नव्हते. लेस्टरशायरमधल्या ब्युमॅनरला, शत्रूचे रेडिओ संदेश टिपायच्या ठाण्यावर, एटीएसच्या म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या महिला दलाच्या मुली पाळ्या लावून बसायच्या. अशा ठाण्यांवर अमेरिकन नॅशनल कंपनीचे एचआरओ रिसीव्हर असत. बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, बदलायचा तर कॉइलचं अख्खं खोकं पुढून ओढून काढायचं, दुसरं बसवायचं. डायलवर फ्रिक्वेन्सी नाही, नुसते 0 ते 500 आकडे. खोक्यावरचा आलेख बघून हिशेब करायचा. पण तो डायल इतका हलक्या हाताने सरकतो की दोन-तीन स्टेशनांच्या चिवचिवाटातून हवं ते मोर्सचं कडकट्ट अलगद वेगळं काढता येतं. जर्मनांनीही त्याची नक्कल केली, ती काय भक्तीपोटी?

लिहायचे पाच-पाच अक्षरांचे निरर्थक गट. साधं वाक्य असतं तर गाळलेलं अक्षर अंदाजाने भरलं असतं. इथे ती सोय नाही.

शून्यएक
बरं, लोरेन्झ. आमची एक मात्रा चुकली, तुमचा विजय असो.

पण मग लोरेन्झचंच घ्या. 30 ऑगस्ट 1941 ला जर्मन ऑपरेटरने सुमारे 4000 अक्षरांचा संदेश त्याच सेटिंगवर दोनदा पाठवला, दुसऱ्यांदा थोडी काटछाट करून. ब्लेचलीतल्या टिल्टमनने तो सोडवला, आणि यंत्र कधी डोळ्यांनी न बघता तिथल्याच टट या गणितज्ञाने त्याची रचना कागदावर मांडली. त्यात तुमच्या कॉइलच्या खोक्याचं काय कर्तृत्व? बाजारात मिळणारा सेट होता, विकत आणला. टटसारखं डोकं कुठून आणणार होतात?

कडकट्ट
आणि ते दोन्ही संदेश टिपले कुणी, टटने? पहिला घेतला आणि दुसऱ्या वेळी चहाला उठले असते तर टटसाहेब काय मांडत बसले असते?

माझे वडील लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात होते, जबलपूरला शिकलेले. निवृत्तीनंतरही रेडिओवर मोर्स लागला की आमच्याशी बोलता बोलता वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने उतरवायचे. सिग्नल बुडाला की हात थांबायचा, वर आला की पुढे चालू. मध्ये गाळलेल्या जागा मोजून सोडलेल्या. हे डोकं नाही तर काय आहे?

जुनाबाजार
सेटचं कौतुक चाललंय तर माझंही ऐका. हल्ली लोक आतले सगळे जुने कंडेन्सर उपटून नवे पिवळे चिकटवतात आणि वर 'ओरिजिनल' म्हणून विकतात. एका महाभागाने मला असा एआर-88 रिसीव्हर गळ्यात मारला.

व्हॉल्व्हवाला
जुने कागदी कंडेन्सर गळतात, म्हणून बदलतात. ठेवा तसेच आणि ट्रान्सफॉर्मर जाळून घ्या.

गिरगावकरीण
इंग्लंडातल्या मुलींचं झालं असेल तर इकडे या. 1942 मध्ये आपल्या मुंबईत उषा मेहतांचं काँग्रेस रेडिओ हे स्वातंत्र्यलढ्याचं गुप्त केंद्र चालू होतं, 27 ऑगस्टपासून, 42.34 मीटरवर. पोलीस रोज ऐकून शब्दन् शब्द उतरवून घेत होते. हेसुद्धा इंटरसेप्शनच ना? शेवटी याच रिसीव्हरांनी त्यांना पकडून दिलं. मला नाही या लोखंडाचं कौतुक.

शून्यएक
रिसीव्हरने नाही, माणसाने पकडून दिलं. ज्या इंजिनिअरने ट्रान्समीटर जोडून दिला त्यालाच पोलिसांनी उचललं आणि त्याने जागा दाखवली. 12 नोव्हेंबरला धाड पडली.

गिरगावकरीण
आणि तोपर्यंत जागा का बदलत होते सारखी? हौस म्हणून? पोलिसांच्या गाड्या प्रसारण कुठल्या दिशेने येतंय ते शोधत फिरत होत्या म्हणूनच ना! माझी आजी सांगायची, खिडक्या लावून, कान सेटला चिकटवून ऐकायचे. तुम्ही त्या चाळीत होतात का?

शून्यएक
तुमची आजी होती म्हणून तुमचं बरोबर, हा कुठला न्याय?

गिरगावकरीण
आजीवर जाऊ नका.

कडकट्ट
दिशा शोधून मोहल्ला कळतो, खोली नाही. गिरगावात एका गल्लीत शंभर बिऱ्हाडं. खबऱ्या लागलाच असता. म्हणजे दोघांचंही बरोबर, पण तुम्हाला ते आवडणार नाही.

व्हॉल्व्हवाला
42.34 मीटर म्हणजे साधारण 7.08 मेगाहर्ट्झ, आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या आजच्या 40 मीटर बँडातच. आणि गिरगावकरीण, त्या प्रसारणांचा मजकूर आज वाचायला मिळतो तो पोलिसांनी ऐकून लिहून ठेवला म्हणूनच. लोखंडाला एवढं तरी श्रेय द्या.

गिरगावकरीण
पोलिसांनी तुरुंगात टाकण्यासाठी लिहिलं. उषाताईंना चार वर्षं झाली. त्याबद्दल आता आभार मानू का?

शून्यएक
बरं, टिपणाऱ्या मुलींचं काम गणिताच्या तोडीचं होतं, मान्य. मुलींचं म्हणालो, सेटचं नाही.

जुनाबाजार
एआर-88 कुणाला हवाय का? निम्म्या भावात देतो. कंडेन्सर पिवळे आहेत, आधीच सांगतो.