विकसनशील देशांचे प्रश्न शाळेत शिकवायचे तर मेट्रो ३ च्या कर्जापासून शिकवा

भांडुपकर

नववीच्या राज्यशास्त्रात 'संयुक्त राष्ट्रे' आणि 'आंतरराष्ट्रीय समस्या' असे दोन धडे आहेत. परीक्षेला येतात म्हणून पाठ होतात आणि निकाल लागला की विसरले जातात. स्थापना २४ ऑक्टोबर १९४५, सुरक्षा परिषदेत पाच कायम सदस्य, नकाराधिकार म्हणजे काय ते सांगा, झालं. माझ्या मुलीला हे सगळं तोंडपाठ आहे, पण श्रीलंकेने २०२२ मधे परदेशी कर्जाचे हप्ते का थांबवले, तिथे पेट्रोलसाठी लोक दिवसदिवस रांगेत का उभे होते असं विचारलं तर म्हणते बाबा ते पोर्शनमधे नाहीये. तिचा काय दोष.

माझं मत असं की हे विषय शिकवायलाच हवेत, आत्ता शिकवतात त्याहून जास्त शिकवायला हवेत, फक्त सुरुवात आफ्रिकेतल्या हाडं दिसणाऱ्या मुलाच्या फोटोपासून नको. मुंबईपासून करा. मेट्रो ३ घ्या. साडेतेहेतीस किलोमीटर, खर्च सदतीस हजार कोटींच्या घरात, आणि त्यातला मोठा वाटा जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज. अटल सेतूलासुद्धा जायकाचंच. पोरं त्या गाडीत बसतात, त्या पुलावरून अलिबागला जातात. मग विचारा त्यांना, जपान कमी व्याजाने आणि इतक्या लांब मुदतीने पैसे का देतं? त्याच्या कंपन्यांना काय मिळतं? येनमधलं कर्ज असेल आणि रुपया घसरला तर हप्ता कोणाच्या खिशातून वाढतो? हे तीन प्रश्न नीट चर्चेला घेतले तरी निम्मा धडा शिकवून झाला.

तिथून १९९१ वर या. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, आणि रिझर्व्ह बँकेने मुंबईतून ४७ टन सोनं विमानाने बाहेर पाठवून ते तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून कर्ज उचललं. हे आपल्या शहरात घडलंय, अनेक मुलांच्या आजोबांना ती बातमी आठवत असेल. हे कळलेल्या मुलाला श्रीलंका परकी वाटणार नाही.

त्याऐवजी आमच्याकडे काय होतं तर प्रोजेक्ट. शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टं, सतरा रंगीत चौकोन. शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडे त्याची प्रिंट तयारच असते, नुसतं "सतरावालं द्या" म्हटलं की तो खालच्या कप्प्यातून काढून देतो, मुलं कापतात, कार्डशीटवर चिकटवतात, स्केचपेनने बॉर्डर काढतात. पहिल्या चौकोनात लिहिलंय गरिबी नष्ट करणे. कोणी करायची, कोणाच्या पैशाने, २०१५ ला ठरलेलं २०३० पर्यंत होणार आहे का, याच्यावर वर्गात एक अक्षर नाही. मला याचा मनापासून राग येतो. बाकीच्यांना काय वाटतं सांगा, विशेषतः शिक्षकांनी.

गोवंडीच्या बाई

मी शिक्षिका आहे म्हणून लिहिते, आणि मला तुमचं पटलेलं नाही.

माझ्या नववीच्या वर्गात बरीच मुलं अशी आहेत जी एक परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचू शकत नाहीत. मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या 'असर' पाहणीचे अहवाल ग्रामीण भागाचे असतात, त्यात देशभरातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही असं येतं, आणि शहरात फार वेगळं असेल असं समजू नका. तुम्ही येन आणि रुपयाचा विनिमय दर म्हणताय, माझ्या मुलांना सरळव्याज अजून पक्कं नाही. आधी वाचता येऊ दे, मग जपान.

दुसरं, ही मुलं देवनार डंपिंगच्या आजूबाजूला राहतात. कचऱ्याला आग लागली की खोकत शाळेत येतात, मुली पाणी भरून पहिल्या तासाला उशिरा येतात. विकसनशील देशापुढचे प्रश्न कुठले ते मी त्यांना फळ्यावर लिहून द्यायचं, हे मला विचित्र वाटतं. प्रश्न त्यांना माहीत आहेत. त्यांना दहावी पास व्हायचंय आणि कामाला लागायचंय.

आणि वेळ कुठे आहे? मतदार याद्यांचं काम आमच्याकडे, सर्वेक्षण आमच्याकडे, ऑनलाइन माहिती भरणं आमच्याकडे. प्रत्येकाला वाटतं त्याचा विषय शाळेत यायला हवा, रस्ता सुरक्षा, आर्थिक साक्षरता, आता आंतरराष्ट्रीय सहकार्य. तास तेवढेच आहेत हो.

ठाम मत

बाईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य असं काही नसतंच, मग मुलांना ते शिकवून भोळं कशाला बनवायचं. कोविडमधे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, श्रीमंत देशांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट लसी आधीच बुक करून ठेवल्या. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मधे जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की साथ संपेपर्यंत लसी, औषधं, चाचण्या यांच्यावरचे पेटंटचे हक्क बाजूला ठेवा. निर्णय कधी आला? जून २०२२. तोही फक्त लसींपुरता, अर्धामुर्धा, माणसं मरून गेल्यावर. आणि जुलै २०२५ मधे अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली संस्था बंदच करून टाकली, त्या पैशावर चालणारे आफ्रिकेतले दवाखाने अडचणीत आले. मुलांना सरळ सांगा की प्रत्येक देश स्वतःचं बघतो, आपणही आपलं बघायचं.

पार्ल्याची मुक्ता

ठाम मत दादा, तुम्ही जे लिहिलंत तेच तर वर्गात यायला हवं ना, मग विरोध कशाला आहे? पेटंटची ती मागणी काय होती आणि ती कशी पातळ होत गेली हे मला मॉडेल युनायटेड नेशन्समधे कळलं, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी बनून चर्चा करतात ती स्पर्धा. आमच्या कॉलेजमधे मला बांगलादेशची बाजू मांडायला दिली होती, हवामानबदलाच्या कमिटीत. आधी नुसतं ब्लेझर घालून बोलायचं असंच वाटलं होतं, पण वाचायला बसले तेव्हा समजलं की श्रीमंत देशांनी २००९ मधे कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं २०२० पर्यंत, आणि तो आकडा गाठला २०२२ मधे. मग २०२४ ला बाकूच्या परिषदेत गरीब देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले आणि मिळालं २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जचं आश्वासन, भारताच्या प्रतिनिधीने तिथल्या तिथे हरकत घेतली. मी हे बांगलादेशच्या खुर्चीत बसून वाचलं म्हणून डोक्यात राहिलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माझे आईबाबा त्या रात्री घरी पोचले नव्हते. मुंबईच्या मुलीला ढाक्याची बाजू मांडता येते, फार लांब नाहीये ते.

गोवंडीच्या बाई

मुक्ता, तुझं कौतुक आहे. पण त्या स्पर्धेची फी किती असते आणि भाषा कुठली असते तेही सांग. माझ्या वर्गातलं कोणी तिथे उभं राहू शकेल का? बांगलादेशची बाजू पार्ल्याची मुलगी मांडते आणि पाणी तुंबलेल्या घरातली मुलगी बाहेर, हे मला बोचतं.

पार्ल्याची मुक्ता

फी हजारांत असते आणि सगळं इंग्रजीत चालतं. बाई तुमचं बरोबर आहे, याला माझ्याकडे उत्तर नाही.

अण्णा लालबाग

मी रात्रशाळेत शिकवतो. आमची मुलं दिवसा काम करून येतात, कोणी कुरियरमधे, कोणी मेडिकलच्या दुकानात, कोणी हॉटेलात. 'आंतरराष्ट्रीय समस्या' मी सिप्लावरून घेतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

फळ्यावर दोन आकडे लिहितो. एड्सच्या तीन औषधांचा एका माणसाचा वर्षाचा खर्च त्या काळी १० ते १५ हजार डॉलर. खाली लिहितो ३५० डॉलर. फेब्रुवारी २००१, देणारी कंपनी मुंबईची, १९३५ पासूनची, प्रमुख युसूफ हमीद. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. मग गप्प बसतो. एकदा मेडिकलच्या दुकानात काम करणाऱ्या पोराने विचारलं, सर पहिले पण तेच औषध होतं ना, मग पैसे कशाचे घेत होते? बस, इथून तास सुरू होतो. पेटंट काय असतं, १९७० च्या आपल्या कायद्याने औषधावर पेटंट न देता ते बनवण्याच्या पद्धतीवरच दिलं म्हणून आपल्या कंपन्या दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवू शकल्या, आणि २००५ मधे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे तो कायदा आपल्याला बदलावा लागला. त्याच २००१ च्या नोव्हेंबरात दोह्याला सगळ्या देशांनी मान्य केलं की पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत.

ठाम मत यांना एवढंच विचारतो, त्या स्वस्त औषधांमुळे आफ्रिकेत लाखो माणसं जगली, ती विकत घ्यायला पैसा बऱ्याच अंशी परदेशी मदतीतून आला आणि औषध भारतातून गेलं. याला सहकार्य नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि बाई, विनिमय दर माझ्या पोरांनाही येत नव्हता. औषधाची किंमत काढायची म्हणून त्यांनी गुणाकार केला.

ठाम मत

अण्णा, सिप्लाने धंदा केला, चांगला धंदा केला, मला अभिमान आहे. पण एप्रिल २०२१ मधे दुसरी लाट आली तेव्हा आपणसुद्धा लसींची निर्यात थांबवली की नाही? आफ्रिकेतले देश आपल्या सीरमच्या डोसवर अवलंबून होते, त्यांना वाट बघावी लागली. आणि मी म्हणतो योग्य केलं, घरात प्रेतं पडत असताना कोण बाहेर वाटणार. मुलांना हे शिकवाल का, की फक्त आपण किती उदार ते शिकवाल?

भांडुपकर

दोन्ही शिकवायचं. आपण थांबवली तेव्हा घानातल्या नर्सला काय वाटलं असेल आणि आपल्याकडे ऑक्सिजनसाठी रिक्षा फिरत होत्या तेव्हा सरकारने दुसरं काय करायला हवं होतं, यावर पंधरा वर्षांची मुलं उत्तम भांडू शकतात. श्रीलंकेला २०२२ मधे भारताने चार अब्ज डॉलरच्या आसपास मदत दिली, ती शेजारधर्म म्हणून की त्यांचं हंबनटोटा बंदर चिन्यांना ९९ वर्षांच्या भाड्याने गेलं होतं म्हणून, तेही विचारा. उत्तर एकच यायला पाहिजे असं कुठे आहे.

तात्या परभणी, सध्या डोंबिवली

मी ७२ च्या दुष्काळातला माणूस. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी. भाकरी थापली की चिरे पडायचे, गुरांचं खाणं माणसाला दिलं म्हणून आई रडायची, पण शिजवायची. त्याच्या आधी अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्यमदतीचा गहू होता. ६५ नंतर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी तो एकदम न देता थोडा थोडा सोडायला सुरुवात केली, आपण शेतीधोरण बदलावं म्हणून, आणि व्हिएतनामवर आपण टीका करत होतो तोही राग होता.

पण त्याच सुमारास, ६६ साली, मेक्सिकोहून गव्हाचं बियाणं आलं, १८ हजार टन. त्या बियाण्यावर आपल्या शास्त्रज्ञांनी काम केलं, पंजाबच्या शेतकऱ्याने पेरलं, आणि पुढे बोटीची वाट बघायची वेळ गेली. धान्य देणारा तुम्हाला धरून ठेवतो आणि बियाणं, विद्या देणारा मोकळं करतो, एवढा फरक जरी नातवंडांना कळला तरी मला समाधान आहे. त्यांच्या पुस्तकात पंजाबचं नाव येतं, मिलोचं येत नाही.

गोवंडीच्या बाई

तात्या, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ.

एक सांगते. डिसेंबर २०२२ मधे जी-२० ची विकासविषयक बैठक मुंबईत झाली, तेव्हा रस्त्याकडेच्या काही वस्त्यांसमोर पडदे आणि फलक लावले होते. वर्गात एका मुलीने विचारलं, बाई ते कोणापासून लपवतात? मी विषय बदलला. मला उत्तर येत होतं. पण मी ते वर्गात बोलले, कोणी घरी जाऊन सांगितलं, कोणी व्हिडिओ केला, तर उद्या माझ्यामागे कोण उभं राहणार? तुम्ही सगळे म्हणता चर्चा करा, दोन्ही बाजू मांडा. शिक्षकाला तेवढी मोकळीक आहे का, याच्यावर इथे कोणीच बोललेलं नाही. भांडुपकर, तुमचा धागा या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा होता.

भांडुपकर

खरंय बाई. पालक म्हणून मी शाळेत लेखी देऊ शकतो की असे प्रश्न वर्गात यावेत असं आम्हाला वाटतं. आमच्या पालकसभेत मांडतो. तुमच्या शाळेत त्याचा उपयोग किती होईल सांगता येत नाही.

अण्णा लालबाग

बाई, मला भीती वाटत नाही असं नाही, रात्रशाळेकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं म्हणून माझं निभावतं. माझ्याकडे सिप्लाचा तास आणि १९९१ च्या सोन्याचा तास असे लिहून ठेवलेले कागद आहेत. दोन्ही विषय छापून आलेल्या जुन्या गोष्टींचे आहेत, आजच्या राजकारणाचे नाहीत, त्यामुळे कोणी बोट ठेवणं अवघड आहे. हवे असतील तर पाठवतो.

गोवंडीच्या बाई

पाठवा. पण एका पानापेक्षा मोठं नको, अक्षर ठळक, वाक्यं छोटी, आणि डॉलरच्या शेजारी रुपये लिहा. मी तो वाचनाच्या तासाला घेईन, राज्यशास्त्राच्या नाही. माझं मत अजून तेच आहे, आधी वाचन.