मदत हवी आहे: ब्रिटिश-स्पॅनिश जहाजांची लढाई, मुलांसाठी

वैतागलेली_आई: ब्रिटिश आणि स्पॅनिश जहाजांची लढाई मुलांना कळेल अशी कुणी सांगेल का? नेटवर नुसत्या जहाजांच्या याद्या आहेत. उद्या सकाळी हवंय. प्लीज लवकर.

दर्यावर्दी: कोणती लढाई? 1588 ची आर्माडा की 1805 ची ट्रफल्गार? मुलं केवढी?

वैतागलेली_आई: तिसरीतली. ब्रिटिश नौदलातल्या नेल्सनवाली हो, तो शत्रूच्या जहाजावर उडी मारतो ती.

बोरूबहाद्दर: म्हणजे ट्रफल्गारच. एका हाताचा नेल्सन दाखवा, पोरं खूश.

दर्यावर्दी: ट्रफल्गारला तो मेला, उड्या कसल्या मारतोय! ही केप सेंट व्हिन्सेंटची, 14 फेब्रुवारी 1797, पोर्तुगालजवळ. हात त्यानंतर जुलैत गेला, तेव्हा चित्रात दोन्ही काढा. असं सांगा: ब्रिटिशांची 15 मोठी जहाजं, स्पेनची 27. पण स्पॅनिश दोन घोळक्यांत विखुरलेले. ब्रिटिश सेनापती जर्व्हिस रांग धरून मधल्या फटीत घुसला. मोठा घोळका रांगेच्या मागून निसटून दुसऱ्याला मिळणार, तोच रांगेच्या शेपटाजवळच्या नेल्सनने हुकमाची वाट न बघता जहाज वळवून आडवं घातलं. मार इतका बसला की सुकाणूचं चाकच उडालं. मग त्याने जहाज थेट सॅन निकोलास या स्पॅनिश जहाजाला भिडवलं, माणसं खिडकी फोडून आत. सॅन निकोलास शेजारच्या सॅन होसेत अडकलेलं, म्हणून त्यावरून पुढच्यावर. दोन्ही ताब्यात! एकूण चार पकडली.

वैतागलेली_आई: वा! पण 15 नी 27 ना हरवलं कसं, हे पहिलं विचारतील.

खडूस_काका: स्पॅनिश जहाजांवर मुरलेले खलाशी कमी, नवखे जास्त. चार मजली सांतिसिमा त्रिनिदाद, त्या काळचं सगळ्यांत मोठं लढाऊ जहाज, तेही मार खाऊन कसंबसं सुटलं. सराव जिंकला, नेल्सनचे पोवाडे पुरेत.

दर्यावर्दी: सराव सगळ्या ब्रिटिशांना होता काका, आपणहून वळला तो एकटा.

खडूस_काका: आणि दुसऱ्या ब्रिटिश जहाजाचा कप्तान कॉलिंगवुड मदतीला धावला नसता तर? ते नाही सांगणार.

हर्णैकर: आपले कान्होजी आंग्रे सोडून हे परके कशाला?

वैतागलेली_आई: विषय शाळेने दिलाय हो!

पुठ्ठाप्रेमी: जहाज थर्माकोलचं करू नका, बंदी आहे. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, शिडांना जुना रुमाल.

वैतागलेली_आई: जहाज करायचंच नाहीये. फक्त गोष्ट सांगायचीय.

पुठ्ठाप्रेमी: बरं. डोलकाठ्या मात्र तीन लावा.