घरचा स्विमिंग पूल पावसाळ्यात रिकामा करून ठेवायचा का? (मिरज, काळी जमीन)

मळ्यातली_ताई

नमस्कार सगळ्यांना. मिरज तालुक्यात आमचा मळा आहे, नदी फार लांब नाही, जमीन काळी. मागच्या दिवाळीनंतर घराला लागून पोरांसाठी छोटा पूल बांधून घेतला, २४ बाय १२ फूट, एका बाजूला तीन फूट खोल आणि दुसऱ्या बाजूला पाच, काँक्रीटचा, आतून निळ्या टाइल्स. सँड फिल्टर आहे, पाऊण एचपीचा पंप, पाणी बोअरचं. मे महिनाभर पोरं पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती.

आता मृग तोंडावर आलाय आणि घरात दोन मतं पडलीत. ज्यांनी पूल बांधला ते सांगून गेलेत की पावसाळ्यात चार महिने रिकामा ठेवा, वरून ताडपत्री टाका आणि दसऱ्याला घासून परत भरा. सासऱ्यांचं म्हणणं, जतला आपलेच पाहुणे टँकरची वाट बघत बसतात आणि आपण दरवर्षी एवढं पाणी ओढ्याला सोडायचं हे मला पटत नाही. मिस्टर पुण्याला असतात, शनिवार-रविवारीच येतात, त्यामुळं रोजचं बघणं माझ्याकडंच.

दुसरं म्हणजे गेले काही दिवस पाणी हिरवट दिसायला लागलंय. दुकानदाराने दिलेल्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या मी पहिल्यापासून तरंगत्या डब्यात टाकते, पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन बरोबर दाखवतं तरी हिरवं ते हिरवंच. गडी म्हणतो शेततळ्यात टाकतात तसं मोरचूद टाका, एका दिवसात स्वच्छ होईल. टाकू का? आणि व्हिडिओ बघावेत तर सगळे परदेशातले, थंडीत पूल बंद करायला सांगतात, ते आपल्याकडं लागतं का? जाणकारांनी सांगावं.

काळीमाती_सांगली

ताई, बाकी सगळं नंतर, आधी एक सांगतो. पूल रिकामा करू नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही. मी बांधकामातला माणूस आहे आणि काळ्या रानात पावसाळ्यात रिकामे ठेवलेले पूल आणि जमिनीतल्या टाक्या वर उचललेल्या बघितल्यात, एकदा का तळ हलला की टाइल्स, पाइप, सांधे सगळं जातं आणि दुरुस्तीला नव्या पुलाएवढा खर्च येतो.

कारण साधं आहे. रिकामं घमेलं पाण्यात दाबून बघा, ते वर यायला बघतं. तुमच्या पुलाची सरासरी खोली चार फूट धरली तर २४ गुणिले १२ गुणिले ४ म्हणजे ११५२ घनफूट, म्हणजे साधारण ३२,६०० लिटर, वजन साडेबत्तीस टन. जुलै-ऑगस्टमध्ये नदीकडच्या काळ्या रानात जमिनीतलं पाणी पार वरपर्यंत येतं, ते तुमच्या पुलाच्या काठापर्यंत चढलं तर खालून निदान साडेबत्तीस टनाचा दाब वर लागणार. तळ आणि भिंती अर्ध्या फुटाच्या धरल्या तर काँक्रीटचं वजन येतं वीस टनाच्या आसपास. आता तुम्हीच सांगा तो जमिनीत बसून राहील का. त्यात काळी माती भिजली की फुगते आणि भिंतींना बाहेरून रेटते, आत पाणी असलं तर ते आतून तोलून धरतं, रिकामा असला तर भिंत एकटी पडते.

बांधणाऱ्याला एवढं विचारा की तळाच्या ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवलाय का. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी पुलात घेतो. असला तरी त्याच्या भरवशावर रिकामा ठेवू नका, माती अडकून तो जाम होतो. माळावर, पक्क्या मुरमात पूल असता तर मी एवढं ताणून धरलं नसतं, पण मिरजेच्या काळ्या रानात नको म्हणजे नको. सासऱ्यांचं बरोबर आहे.

कृष्णाकाठचा

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. २०१९ च्या पुरात सांगलीत नदीवरच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे हे इथं सगळ्यांना माहितीय. ताई, तुमच्या रानात पूर येत असेल तर नदीने इशारा पातळी गाठली की पुलाच्या पंपाची लाइन मेन बोर्डावरून तोडा, मोटर खोलून माळ्यावर ठेवा आणि पूल भरलेलाच राहू द्या. पुराचं पाणी आत आलं तर त्यात संडासाच्या टाक्यांपासून सगळं आलेलं असतं, पोरांना पायसुद्धा बुडवू देऊ नका. आणि तो गाळ फिल्टरमधून फिरवायचा नाही, मडपंपाने वरच्यावर उपसून काढायचा.

वाई_बंगलेवाला

मी वाई-पाचगणी भागातल्या काही बंगल्यांचे पूल सांभाळतो. आमच्याकडं पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, तरी एकही पूल आम्ही पावसाळ्यात रिकामा करत नाही. ताडपत्रीचं तर नावच काढू नका, तिच्यावर पाणी साठतं, त्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि लहान पोर जमीन समजून वर पाय ठेवतं. कव्हर लावायचंच तर जाळीचं, कडेला घट्ट ताणलेलं.

आता तुमच्या हिरव्या पाण्याकडं येतो कारण खरी गोम तिथं आहे. त्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या म्हणजे टीसीसीए, त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक अॅसिड असतं, दुकानात त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. थोडं असलं तर चांगलं, उन्हाने क्लोरीन उडून जाऊ देत नाही, नाहीतर आपल्या मेच्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत संपलेलं असतं. पण ते उडत नाही, कुजत नाही, पाण्यातच साठत राहतं. गोळीने पाण्यात १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १० भाग) क्लोरीन गेलं की त्याबरोबर ६ पीपीएम स्टॅबिलायझर जातं. पाहिजे ३० ते ५०, आणि दिवाळीपासून नुसत्या गोळ्यांवर पूल चालवला असेल तर १०० च्या पुढं गेलेलं असणार. मग काय होतं, क्लोरीन किटमध्ये दिसतं पण स्टॅबिलायझर त्याला धरून ठेवतं, शेवाळ मारायला मोकळं राहतच नाही. तुमचं हेच झालंय असं मला वाटतं. साध्या दोन रंगांच्या किटवर हे कळत नाही, पाच-सहा चौकोनांच्या पट्ट्या मिळतात त्यात सायन्युरिकचा चौकोन असतो, ती मागवा.

यावर औषध नाही, पाणी पातळ करणं एवढाच उपाय. आणि इथंच पावसाळा तुमच्या कामाचा आहे बघा. गोळ्या आजपासून बंद. पाऊस लागायच्या आत पातळी अर्धा-पाऊण फूट उतरवा, त्याच्या खाली नाही, म्हणजे काळीमाती दादांनी सांगितलेला धोकाही नाही. मग पावसाने भरू द्या. चांगलं भरलं की परत अर्धा फूट सोडा, परत भरू द्या. मिरजेला वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास म्हणजे दोन फूट, तो थेट पुलात पडतो. शिवाय स्लॅबचं पाणी वळवता आलं तर हजार स्क्वेअर फुटावरून वर्षाला पन्नास हजार लिटरच्या वर मिळतं, फक्त पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. बोअरच्या पाण्याचा क्षार पण याने उतरतो, टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर धरतो ना, तो कमी होईल. दसऱ्यापर्यंत तुमचा अर्ध्याहून जास्त पूल गोड्या पाण्याचा झालेला असेल आणि बोअरचा थेंब लागलेला नसेल. सासऱ्यांना दाखवा हे.

क्लोरीनसाठी आता लिक्विड हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट वापरा, १० टक्क्यांचं. तुमच्या पुलाला एक लिटर म्हणजे ३ पीपीएम. शेवाळ मारायला एका संध्याकाळी साडेतीन लिटर, पंप रात्रभर चालू, भिंती ब्रशने घासायच्या कारण शेवाळ टाइल्सच्या सांध्यात धरून बसतं. हिरवं जाऊन पाणी दुधाळ झालं की समजायचं शेवाळ मेलंय, ते फिल्टर हळूहळू धरतो. स्टॅबिलायझर खूपच निघालं तर एकदा टाकून भागायचं नाही, आधी पाणी थोडं बदला मग हे करा, नाहीतर कॅन रिकामे होत राहतील. नंतर रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर अर्धा-पाऊण लिटर, क्लोरीन १ ते ३ च्या मध्ये आणि पीएच ७.२ ते ७.६. हायपो जुनं घेऊ नका, उन्हात ठेवलेल्या कॅनचा जोर निघून जातो. आणि हे नीट वाचा, हायपो आणि पीएच उतरवायचं अॅसिड एका बादलीत, एका मापात, एका कपाटात कधीच नाही, विषारी गॅस होतो. पावडर आणि गोळ्या पण एकमेकांत मिसळायच्या नाहीत, पेट घेतात. गड्याला हे स्वतः उभं राहून सांगा.

पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवणारा क्षार, जवळजवळ नसतेच, त्यामुळं दोन-चार मोठे पाऊस झाले की पीएच खालीवर उड्या मारायला लागतो. ती ८० पीपीएमच्या खाली आली तर खाण्याचा सोडा, तुमच्या पुलाला साडेपाचशे ग्रॅमने १० पीपीएम वाढते. घरात भज्यांना वापरता तोच, पोत्यात स्वस्त मिळतो.

हिवाळ्याचं विचारलंत, ते व्हिडिओ बर्फ पडतो तिथले आहेत, पाइपमध्ये पाणी गोठून फुटू नये म्हणून ते पाणी उतरवतात. आपल्याकडं साताऱ्यात आठ-दहा डिग्री झालं तरी काही गोठत नाही. पंप उन्हाळ्यात सहा-आठ तास चालवता तो थंडीत तीन-चार तास चालवला तरी पुरतो, क्लोरीनही निम्म्यावर येतं, पण बंद नाही ठेवायचा. बंद ठेवला की संक्रांतीनंतर ऊन तापायला लागतं आणि आठवड्यात हिरवं.

तासगाव_बागायतदार

मोरचूद टाकू नका ताई. आमच्या द्राक्षबागेत बोर्डो फवारणीसाठी मोरचूद कायम घरात असतं त्यामुळं हात पटकन तिकडं जातो हे खरं. पण शेततळ्याची गोष्ट वेगळी, तिथं कोण पोहत नाही. मोरचूदातलं तांबं पाण्यात राहतं, पीएच वाढला की टाइल्सवर निळे-काळे डाग पडतात ते निघता निघत नाहीत, आणि फिक्या रंगाच्या केसांना हिरवट झाक येते. शेवाळाचं खरं कारण वरच्या दादांनी सांगितलंच आहे.

अजून एक, तुमच्याकडं ऊस असेल तर कारखाने सुरू झाल्यावर शेजारी पाचट जाळतात त्याची काजळी पुलात पडते. वर तरंगते तोवर जाळीने काढा, एकदा ओली होऊन तळाला बसली की बोटाने दाबलं तरी शाईसारखी पसरते. फिल्टरच्या डोक्यावरचा प्रेशरचा काटा बघत जा, धुतल्यावर जो आकडा असतो त्याच्यापेक्षा ८-१० पीएसआय वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळू धुवायची, दोन-तीन मिनिटं, फिल्टरच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, आणि मग अर्धा मिनिट रिन्स. हँडल फिरवताना पंप बंदच पाहिजे नाहीतर आतली सील जाते. रोज बॅकवॉश करू नका, पाणी वाया जातं आणि वाळू थोडी मळलेली असली की बारीक घाण जास्त चांगली धरते.

बॅकवॉशचं पाणी द्राक्षाला सोडू नका, द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही. नारळ असतील तर त्यांच्या आळ्यात सोडा, नारळ खुशाल पितो.

मळ्यातली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. पट्टी आज मिळाली. सायन्युरिकचा चौकोन सगळ्यात गडद, म्हणजे १५० किंवा त्याच्या वर. अल्कलिनिटी १२०, पीएच ७.४. सासऱ्यांना हा धागा वाचून दाखवला, ते लगेच स्लॅबच्या पाइपची मापं घ्यायला गेले. आता विचारायचं एवढंच की १५० असताना पावसाची वाट बघायची का आत्ताच थोडं पाणी बदलायचं? आणि तोवर पोरांनी उतरायचं का?

वाई_बंगलेवाला

आत्ता जमिनीतलं पाणी सगळ्यात खाली असतं, त्यामुळं बदलायचं तर हेच दिवस. सव्वा फूट उतरवा, म्हणजे तिसरा हिस्सा जवळजवळ, आणि त्याच दिवशी बोअर चालू करून भरायला घ्या, १५० चं १०० वर येईल. बाकीचं काम पाऊस करेल, घाई नको. सोडायच्या आधी तीन-चार दिवस क्लोरीन टाकू नका, किटमध्ये शून्याजवळ आलं की मगच नारळात किंवा पडीक बांधाला सोडा, एका जागी तुंबवू नका.

पोरांचं, नियम एकच ठेवा. पाच फुटाच्या बाजूला काठावर उभं राहिल्यावर तळाच्या ड्रेनची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर कोणीही उतरायचं नाही, मोठ्या माणसांनी पण नाही, कारण पोर बुडालं तर वरून दिसणार नाही.

काळीमाती_सांगली

यात भर म्हणून, पाऊस लागायच्या आत पंपाच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. पंपाची खोली जमिनीच्या खाली असेल तर तिचं पाणी बाहेर जायला वाट करा. पुलाच्या भोवतीच्या फरशीला उतार बाहेरच्या बाजूला आहे ना हेही पहिल्या पावसात उभं राहून बघा, नाहीतर रानातला चिखल सगळा आत येतो. आणि काठाला एक लाकडी फळी तिरकी सोडून ठेवा, बेडूक, नानेटी आत पडली तर त्यावरून बाहेर येतात.