फाशीला झालेल्या उशिराचा जाब कोणाला विचारायचा?

गावभागकर, सांगली: कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना २००१ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला; तरीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, अर्जाचा निकाल लागायला सरकारकडून अवाजवी विलंब झाला म्हणून, फाशीची जन्मठेप केली. ज्यांची लेकरे उचलून नेऊन मारली त्या आईबापांनीही तेवढीच वर्षे वाट पाहिली. सरकारी टेबलांवरच्या दिरंगाईचा फायदा गुन्हेगारांना का मिळावा?

वकील, विजयनगर: आपला संताप रास्त आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. दयेच्या अर्जावर असमर्थनीय विलंब झाला आणि तो कैद्यामुळे झालेला नसेल, तर फाशी जन्मठेपेत बदलता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या शत्रुघ्न चौहान खटल्यात सांगितले आहे. कारण आज बोलावणे येईल की उद्या, या धास्तीत काढलेली वर्षे ही निकालपत्रात न लिहिलेली दुसरी शिक्षाच असते. शिवाय फाशी टळली म्हणजे सुटका झाली, असे नव्हे.

मिरजकर: धास्तीचे कौतुक आम्हाला सांगू नका. अर्ज त्यांनीच केला होता ना?

वकील, विजयनगर: केला होता, आणि तो हक्क घटनेच्या कलम ७२ व १६१ मुळे त्यांना मिळतो. अर्ज करणे त्यांच्या हाती होते, फाइल पुढे सरकवणे नव्हते.

तासगावकर: सांगलीच्या तुरुंगाचा विषय निघाला की आपल्याला २४ जुलै १९४३ ची वसंतदादांची तुरुंगफोड आठवते, पण आज आत कोण आहे याची चौकशी कोणी करीत नाही. विलंबाचा खरा मार कच्च्या कैद्यांना बसतो. आमच्या वस्तीतील एका मुलाची आई डबा घेऊन कोर्टाच्या आवारात बसायची आणि 'गार्ड मिळाला नाही, आरोपी आणला नाही' असे ऐकून, पुढची तारीख घेऊन परत जायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले चालवण्याच्या कायद्याच्या, कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला जामिनावर सोडायचे आहे. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे, तिथे ही सवलत नाही. म्हणजे दोष सिद्ध होण्याआधीच वर्षे जातात, आणि त्यावर मिरजकर गप्प!

गावभागकर, सांगली: त्या मुलाला जामीन द्यावा, याला माझी हरकत नाही. पण त्याच संहितेने दयेच्या अर्जावर शिफारस करण्यासाठी केंद्राला, राज्याचा अभिप्राय आल्यापासून, ६० दिवसांची मुदत घातली आहे, राष्ट्रपतींच्या निर्णयाला मात्र नाही. ती घालावी, आणि फाइल ज्या टेबलावर अडली तिथल्या अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा.